खालचा दीड फूट

सुताराने बाथरूमचं दार बिजागरीतून काढलं, खांद्यावर टाकलं आणि जिन्याने खाली नेलं. तसं ते दार कामातून गेलेलंच होतं. डिसेंबरात शेजारच्या दोघांनी खांदे मारून ते फोडलं होतं, कारण दार आत उघडणारं आणि आत सासूबाई त्यालाच टेकून आडव्या पडलेल्या. दोन महिने फुटक्या फळीला पुठ्ठा ठोकून आम्ही दिवस काढले. आता डॉक्टरांनी सांगितलं, म्हातारीला कडी नको, दारही नको, बसायला खुर्ची द्या आणि दाराच्या जागी प्लास्टिकचा पडदा लावा. रेडिमेड पडदे येतात सहा बाय सहाचे. आमची चौकट अडीच बाय साडेसहा. "घरात शिवणारी बाई असताना विकत कशाला आणायचा?" सुजय म्हणाला आणि टेप माझ्या हातात दिला. सुजय माझा नवरा. त्याला वाटतं, जगातल्या बहुतेक अडचणी टेपने सुटतात. मी टेप घेऊन त्या मोकळ्या चौकटीसमोर उभी राहिले. हॉलमधून आता सरळ आतली बादली, पाण्याचा मग, खुर्ची दिसत होती. माझी मशीन हॉलमध्ये खिडकीखाली. मशीनपासून बाथरूम बारा पावलं. बावीस वर्षं संसार करून ही पावलं मी कधी मोजली नव्हती, त्या दिवशी मोजली.

आता सांगूनच टाकते. डिसेंबरात त्या पडल्या तेव्हा मला आवाज ऐकू आला होता. सगळ्यांना मी उलटं सांगितलं. खांब गावच्या मनालीचं लग्न होतं, तिचा शालूवरचा ब्लाऊज संध्याकाळी द्यायचा होता आणि मी बाही जोडत होते. शिवण मी शिकले माहेरी, पेणला, मैनामावशींकडे. त्यांचा एक नियम होता. लग्नाच्या कपड्याची शिवण अर्धी टाकून उठायचं नाही, नेसणारीचं काहीतरी अर्ध्यात राहतं. खरंखोटं देव जाणे, पण माझ्या अंगात तो नियम इतका मुरलाय की दारावरची बेल वाजली तरी मी शेवटाला गाठ मारून, दोरा तोडूनच उठते. त्या सकाळी सासूबाईंनी आतून चार हाका मारल्या होत्या. साबण दे गो. टॉवेल दे गो. पाणी कोमट झालं गो. चौथी हाक कशाला होती तेही आता आठवत नाही. चारही वेळा शिवण संपवून उठले, चारही वेळा धुसफुसत गेले. पाचव्या वेळी हाक आली नाही. धप्प असा आवाज आला आणि मागोमाग बादली गडगडली. माझा पाय पेडलवरून उचलला गेला. मशीन थांबली. मी ऐकत राहिले. बादली पडली असेल, असं मी मनाशी म्हटलं. आणि दुसरं असं म्हटलं, की मारू दे ना हाक. काही लागलं तर हाक मारायला कमी करतात का या. मग मी पेडल दाबलं. चार बोटं शिवण उरली होती, ती संपवली. तिथपर्यंत कुणीही मला माफ करेल. पण मग मी दुसरी बाही घेतली. दुसऱ्या बाहीला मैनामावशींचा नियम लागू नव्हता.

वीस मिनिटं गेली असतील. मी उठून दार ढकललं तेव्हा ते सरकेना. पुढचं सगळं झटपट झालं, शेजारी, रिक्षा, पनवेल, खुब्यात घातलेली सळई. "मशीनच्या आवाजात कसं ऐकू येणार गो तुला," बिल्डिंगमधल्या बायका म्हणाल्या. मीही मान हलवली. हॉस्पिटलच्या पायरीवर सुजयने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "तू मनाला लावून घेऊ नको." आयुष्यात मला कशाची लाज वाटली असेल तर त्या हाताची. सासूबाई शुद्धीत नव्हत्या असं डॉक्टर म्हणाले, शुद्धीवर आल्या तेव्हा त्यांना काही आठवत नव्हतं असं नणंद अनिता म्हणाली. म्हणजे माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं म्हणून स्वतःचीच भीती वाटली.

सासूबाईंचं नाव हौसा. जन्म गेला पेणच्या खारेपाटात, मिठागरावर. सासरे गेल्यावर गेल्या वर्षी कासू गावाहून गाडीत बसून, एक पेटी घेऊन त्या रोह्याला आमच्याकडे आल्या. गावच्या घरी मागल्या बाजूला त्यांची न्हाणी होती, चार बांबू आणि भोवती कुणाच्या तरी वाढदिवसाचा जुना फ्लेक्स. वारा आला की फ्लेक्स फडफडायचा, मग त्या एका हाताने तो धरून दुसऱ्या हाताने अंगावर पाणी घ्यायच्या. तेही लुगड्यातच. सासऱ्यांनी तरी त्यांची पाठ उजेडात पाहिली होती की नाही कोण जाणे. आता गेले दोन महिने अनिता त्यांना खुर्चीवर बसवून आंघोळ घालायची तेव्हा त्या डोळे गच्च मिटून घ्यायच्या. आपण डोळे मिटले की आपण दिसत नाही, असं लहान पोरांना वाटतं तसं. मला ते बघवायचं नाही. मी मशीनवर बसून राहायचे.

सुजयने पेणहून प्लास्टिक आणलं. गणपतीच्या कारखान्यात मूर्ती झाकायला वापरतात ते, जाड आणि आरपार दिसणारं. माझं माहेर त्याच गल्लीतलं. शाळेत जाताना दोन्ही बाजूंना या प्लास्टिकखाली मूर्ती बसलेल्या असायच्या. अंग झालेलं, रंग झालेला, पण डोळे काढायचे राहिलेले. डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी. लोक येऊन कौतुकाने बघायचे, मला मात्र तिथून मान खाली घालून पळावंसं वाटायचं. बिनडोळ्यांचं कुणीतरी आत बसून आपली वाट बघतंय असं वाटायचं. सुजयने ते प्लास्टिक चौकटीत धरलं आणि स्वतः पलीकडे उभा राहिला. "दिसतो का?" त्याचा चेहरा दिसत होता, पण पुसट, ओळखीचा असून कुणाचाच नसल्यासारखा. मी म्हटलं, दिसतंय.

पलंगावरून सासूबाई म्हणाल्या, "यातनं सगळं दिसतंय गो. मी काय कारखान्यातली मूर्ती हाय?"

"आये, दिसायलाच पायजे," सुजय म्हणाला. "परत पडलीस तर कळायला नको?"

"पडले तर पडले. वैशाले, तू जाड कापड लाव. दिसायला नको."

"व्हय, जाडच बरं," मी म्हटलं. माझ्या तोंडून ते इतक्या पटकन निघालं की सुजय आळीपाळीने दोघींकडे बघत राहिला. बावीस वर्षांत सासूसुनेचं एकमत झालेलं त्याने प्रथमच बघितलं असेल. तो हसला. मला हसू येईना. त्यांना दिसायचं नव्हतं आणि मला बघायचं नव्हतं, एवढंच आमचं एकमत. सोमवारपासून सुजयची रजा संपणार होती, कंपनीत पहिली शिफ्ट, सकाळी साडेसहाला घर सोडायचं. अनिता शनिवारी गडबला आपल्या घरी परत जाणार होती. मग घरात त्या आणि मी. बारा पावलं, आणि मध्ये एक पडदा. आवाज आला तर मी उठेन, असं मी रोज स्वतःला सांगायचे. पण मागच्या वेळीही मला कुणी विचारलं असतं तर मी हेच सांगितलं असतं. माझा माझ्या पायावर भरवसा उरला नव्हता. पडदा जाड असला तर मला न दिसल्याचं कारण मिळणार होतं, जसं मागच्या वेळी मशीनचं मिळालं. आणि असं कारण हाताशी असलं की माणूस ते वापरतंच.

म्हणून मग मीच तोडगा काढला. वरती जेवणाच्या टेबलावर घालतात ते जाड, पांढरं, निळ्या फुलांचं प्लास्टिक, आणि खाली आरपारचा पट्टा. बसलेली बाई दिसणार नाही, पडलेली दिसेल. सुजय म्हणाला, "डोकं हाय तुला." पट्टा एक फुटाचा पुरेल असंही म्हणाला. मी म्हटलं, माप घ्यायला पाहिजे. पडलेल्या माणसाचं माप कसं घेतात ते मैनामावशींनी शिकवलं नव्हतं. शुक्रवारी दुपारी सासूबाई झोपल्या होत्या, अनिता शेजारी गेली होती, सुजय बाजारात. बाथरूम कोरडं होतं. मी टेप घेऊन आत गेले आणि फरशीवर आडवी झाले. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी, उजवा हात बादलीखाली. त्या सापडल्या होत्या तशी. फरशीपासून खांद्यापर्यंत सोळा इंच भरले, कमरेपर्यंत सतरा. दीड फूट धरायला हवा. काम झालं होतं, उठायला हरकत नव्हती. पण मी उठले नाही.

खालून बाथरूम वेगळंच दिसतं. बेसिनची खालची बाजू, तिथे साचलेला पिवळा थर, जो मी इतक्या वर्षांत घासला नव्हता कारण मला माहीतच नव्हता. मोरीच्या जाळीचा वास. भिंतीचा खालचा भाग घामेजलेला. आणि आवाज. मी कधी विचारच केला नव्हता की इथे आवाज कसे येतात. हॉलमधलं घड्याळ टिकटिकत होतं. आतल्या खोलीत सासूबाई कुशीवर वळल्या, त्यांच्या बांगड्या खणकल्या. फ्रीज घुरघुरायला लागला आणि ती घुरघुर फरशीतून माझ्या गालात आली. मग बाहेरचं दार वाजलं, सुजय आला, त्याने पिशवी माझ्या मशीनवर ठेवली, खुर्ची ओढली. काहीतरी शोधता शोधता त्याचा पाय पेडलवर पडला असावा. मोटर घर्रकन फिरली. थांबली. परत फिरली. थांबली. तो आवाज कानाने ऐकायची गरजच नव्हती, गालाच्या हाडातून तो आत येत होता, आणि थांबल्यावर आलेली शांतता तर त्याहून स्पष्ट होती. मी तशीच पडून राहिले. मशीनच्या आवाजात मला ऐकू आलं नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. पण इथे पडलेल्या माणसाला मशीन ऐकू येते. चालते तेव्हा आणि थांबते तेव्हाही.

"वैशाली? अगं, काय करतेस?" सुजय चौकटीत उभा होता.

"माप घेते," मी म्हटलं.

पडदा शिवायला घेतला तो शनिवारी, अनिता गेल्यावर. प्लास्टिकचं काम कापडासारखं नाही. टाचणी लावायची नाही, भोक कायमचं राहतं, म्हणून कपडे वाळत घालायचे चिमटे लावून दोन्ही तुकडे धरले. टाका मोठा ठेवावा लागतो, बारीक टाका मारला तर शिवणीवरूनच टराटरा फाटत जातं. मशीनचा कापड दाबणारा फूट प्लास्टिकला चिकटतो, म्हणून खालून वरून वर्तमानपत्राच्या पट्ट्या घालून शिवायचं आणि मग कागद ओढून काढायचा. आणि चुकलं तर उसवता येत नाही. उसवलं तरी भोकांची रांग राहते. ते जड धूड मांडीवर घेऊन मी इंचइंच पुढे सरकत होते. सासूबाई वॉकर घेऊन बाहेर आल्या आणि सोफ्यावर बसल्या. मग पदराच्या गाठीतून शिशाच्या गोळ्या काढल्या, सासऱ्यांच्या मासे पकडायच्या जाळ्याला, पागाला, असायच्या त्या. "खालच्या दुमडीत घाल. पाण्यानं पडदा अंगाला चिकटतो नायतर." मी घेतल्या. आमचे हात लागले. त्यांचे तळहात अजूनही मिठागरावरचे, खरखरीत आणि गार.

सुजय पाणी भरायला खाली गेला होता. त्या म्हणाल्या, "त्या दिवशी तुजी मशीन थांबली व्हती गो."

मी पेडलवरून पाय काढला नाही. मशीन चालूच राहिली, आणि टाके कुठे जातायत ते मला दिसेना.

"मी पडले तवा. लगेच थांबली. म्हटलं, आयकलन तिनं, उठली. म्हणून मी हाक नाय मारली. कशाला उगा वरडायचं, येतेच हाय." त्या सावकाश बोलत होत्या, हातावर हात ठेवून. "मंग परत चालू झाली."

आता मात्र मशीन थांबली. मी म्हटलं, "आई, मला वाटलं बादली." आणि लगेच म्हटलं, "नाही. मला कळलं होतं." का म्हटलं ते मला माहीत नाही. त्यांच्यासमोर खोटं बोलणं शक्य नव्हतं असं काही नाही, शक्य होतं. पण दोन महिने ते एकटीने सांभाळून मी थकले होते.

"मना ठाव हाय."

"मग तेव्हा तरी हाक मारायची ना! परत चालू झाली तेव्हा तरी!" माझा आवाज चढला. मी त्यांच्यावरच चिडले होते, उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

"मंग कुनाला हाक मारू?" त्या म्हणाल्या.

खाली मोटरचा आवाज येत होता, पाणी चढत होतं. मी विचारलं, "ह्यांना सांगितलं नाहीत?"

"त्याला सांगून काय करू? त्यो शिफ्टला जातो. मना आंगोळ तुज्याजवळ करायची हाय." एवढं बोलून त्या वॉकर धरून उठल्या. दोन पावलं गेल्यावर थांबून पडद्याकडे बघितलं. "शिवण वाकडी गेली तुजी," म्हणाल्या.

खरंच गेली होती. मधल्या जोडावर वीतभर शिवण खाली घसरली होती आणि परत वर आली होती. ती तशीच ठेवावी लागली. वरच्या काठाला आयलेट, म्हणजे दांडी ओवायच्या भोकांच्या कड्या, मारायला स्टेशनरोडला फ्लेक्सवाल्या प्रणितकडे गेले. त्याने हातोडीने बारा आयलेट ठोकले, पडदा उलगडून बघितला आणि हसला. "काकी, पडद्याला खिडकी ठेवलीत ती खाली कशी? वर ठेवतात." मी म्हटलं, "आमच्याकडे खालीच लागते." रविवारी सुजयने दांडी बसवली. पडदा झकास पडला. शिशाच्या वजनाने तो हलतही नव्हता. सासूबाईंनी आत खुर्चीत बसून बघितलं, सुजयने बाहेरून बघितलं, आणि दोघांनाही पसंत पडला. लुगड्याचा काठ आणि पायांचे घोटे, एवढंच दिसत होतं.

सोमवारी सुजय गेला. साडेदहाला मी पाणी काढून दिलं, खुर्ची पुसली, हाताला लागेल असा साबण ठेवला. त्यांनी पडदा स्वतः ओढला. आतून म्हणाल्या, "तू शिवत बस." मी म्हटलं, मी इथेच थांबते. "नको. शिवत बस. तुजी मशीन आयकू येऊ दे." मी येऊन बसले. समोर कुणाचा तरी परकर होता, साधी सरळ शिवण. मशीन चालू केली आणि माझे कान मागे लागले. पाण्याचा आवाज, थांबला, परत आला. मग धाडकन काहीतरी पडलं. खुर्ची मागे उलटली, परकर सुईतच राहिला, मी बारा पावलं कशी गेले मला माहीत नाही. खालच्या पट्ट्यातून घोटे दिसत होते, जागच्या जागी. मी पडदा बाजूला केला. त्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या, ओलं लुगडं अंगाला, डोळे उघडे. पाण्याचा मग फरशीवर पडलेला होता, मोरीपासून लांब.

"आलीस," त्या म्हणाल्या.

मंगळवारीही मग पडला. मी धावले. त्या म्हणाल्या, "हातातनं निसटला गो." बुधवारी पडला. मी गेले, वाकून मग उचलून त्यांच्या हातात दिला, त्यांनी घेतला. तो निसटत नव्हता, हे दोघींनाही ठाऊक होतं. उलट मला बरं वाटायला लागलं होतं. रोज एकदा मला पास व्हायला मिळत होतं. बुधवारी संध्याकाळी तर मी सुजयला म्हटलं, आईंना आता एकटीने जमतंय हो. तोही खूश झाला. गुरुवारीही तसंच. तो मग कसा पडतो त्याचा आवाज आता मला पाठ झाला होता, आधी एक टणक ठोका, मग दोन छोटे, मग घरंगळणं. गुरुवारी जाताना मी दोरा तोडून गेले होते, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

शुक्रवारी बाही होती. लग्नाची नव्हे, कुणाच्या तरी रोजच्या ब्लाऊजची. गोलाईवर आले होते, दोन्ही हात गुंतलेले, आणि आतून आवाज आला. ठोका, दोन छोटे, घरंगळणं. मशीन थांबली. मी मान वळवली. बसल्या जागेवरून खालचा दीड फूट दिसत होता, वाफेने धुरकटलेला, आणि त्यात काहीतरी पांढरट, घोटे असतील, लुगड्याचा काठ असेल.

"आई, मगच पडला ना?" मी तिथूनच ओरडले.

"व्हय गो," आतून आवाज आला. "मगच हाय."

मी गोलाई पूर्ण केली. गाठ मारली, दोरा तोडला, बाही उलटून बघितली, छान आली होती. आतून पाण्याचा आवाज येत नव्हता. मी दुसरी बाही उचलली होती तेव्हा त्या बोलल्या. मोठ्याने नाही, रागाने तर मुळीच नाही.

"आज नाय आलीस," त्या म्हणाल्या, आणि मग नळ सोडला.